घोडबंदर नावाच्या दोन जागा

सोशल मीडियावर ‘घोडबंदर’ शोधलं की समोर येतो ठाण्याचा घोडबंदर रोड. गायमुखची वाहतूक कोंडी, मेट्रोचं काम, टॉवरच्या जाहिराती. ज्या गावावरून त्या रस्त्याला नाव पडलं ते आमचं मीरा-भाईंदरमधलं खाडीकाठचं घोडबंदर आणि मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेला तिथला किल्ला पार तळाला. याचा मला मनापासून राग येतो.

अशा गावाला स्वतःची जागा मिळू शकते ती मास्टोडॉन, लेमी अशा विकेंद्रित, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर जोडून चालणाऱ्या नेटवर्कांवर. तरीही त्यांच्याबद्दल माझं मत बरीच वर्षं प्रतिकूल होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून पुष्कळ जण मास्टोडॉनवर गेले, तेव्हा मीही गेलो. छोट्या सर्व्हरवर खातं उघडलं, मराठीत शोधलं, हाती जवळपास काही लागलं नाही. पुढे लेमीवर एकाच नावाच्या कम्युनिट्या, म्हणजे चर्चागट, वेगवेगळ्या सर्व्हरवर दिसल्या. सगळ्यांची मिळून एकच यादी असावी, सारख्या नावाच्या कम्युनिट्या एकत्र कराव्यात, असं मी ठासून सांगायचो.

आता तसं वाटत नाही.

लेमीवर दुसऱ्या सर्व्हरवरची कम्युनिटी आपल्याकडे आपोआप उगवत नाही. कुणीतरी शोधाच्या चौकटीत तिचा पूर्ण पत्ता टाकावा लागतो: आधी उद्गारचिन्ह, मग कम्युनिटीचं नाव, मग ‘ॲट’चं चिन्ह आणि सर्व्हरचं नाव. मग अलीकडच्या काही पोस्ट येतात, पण त्यांखालची चर्चा बहुधा येत नाही. एकानेही सबस्क्राईब केलं की नव्या पोस्ट त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांसाठी येऊ लागतात. मासिकाची वर्गणी भरल्यावर पुढचे अंक येतात, मागचे नाहीत, तसंच हे. शेवटचा वर्गणीदार गेला की ओघ थांबतो. मास्टोडॉनवरही साधारण असंच. म्हणजे मला तिथे दिसलेली पोकळी ‘मराठी माणसं नाहीत’ म्हणून नव्हती. आमच्या सर्व्हरवरून त्यांना कुणी हाकच मारली नव्हती. ती पहिली हाक मारण्याचं काम मला आता मोलाचं वाटतं.

आणि सारखी नावं? पूर्ण पत्त्यात सर्व्हरचं नाव असतं, म्हणून एका सर्व्हरवर रस्त्याचं घोडबंदर आणि दुसऱ्यावर गावाचं घोडबंदर सुखाने नांदू शकतं. एकच यादी केली असती, तर तिथेही रस्ताच वर बसला असता.

एक काळजी मात्र उरते. दुसऱ्या सर्व्हरवरून लिहिलेली टिप्पणी आधी कम्युनिटीच्या मूळ सर्व्हरवर जाते आणि तिथून सगळीकडे वाटली जाते. मूळ सर्व्हर बंद पडला तर बाकीच्यांकडे जुन्या प्रती राहतात, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याला पोचत नाही. पोस्ट पुसली तर पुसण्याचा निरोप सगळ्यांना जातो. तो पाळणं ज्याच्या त्याच्या हाती. त्यामुळे गावासाठी कम्युनिटी काढायची झाली, तर तो सर्व्हर कोण सांभाळणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे मी आधी विचारीन.