पातं मिटताना बोट कुठं असतं

उजव्या तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर, आतल्या बाजूनं, माझ्या एक आडवी रेघ आहे. हात बघणाऱ्या ज्योतिषानं तिचा काय अर्थ लावला असता कोण जाणे. ती ओढली केशर आंब्याच्या एका खुंटानं आणि तिला तीन टाके पडले.

परभणी-जिंतूर रस्त्याला, बोरीच्या अलीकडं आमची छोटी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात आंब्याची पाचर कलमं आणि हिवाळ्यात मोसंबीचे डोळे भरणं, म्हणजे खुंटाच्या सालीत कळी बसवणं, एवढ्यावर आमचं वर्ष चालतं. पाचर कलम म्हणजे खुंटाचा शेंडा छाटायचा, राहिलेल्या टोकाला मधोमध दीड-दोन इंच उभी चीर द्यायची, दोन्ही बाजूंनी तासलेली काडी तिच्यात पाचरीसारखी बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. एका जुलैत एक खुंट जरा जून निघाला. चीर देता देता पातं त्यात रुतून बसलं. मी मूठ डावी-उजवी हलवून बघितली, मग वैतागून मुठीचं मागचं टोक जोरात खाली दाबलं. पातं होतं तिथंच राहिलं. मूठ मात्र खाली आली, आणि दोघांच्या मधे माझं बोट होतं.

शेजारच्या सरीत अक्का बसलेल्या. गेली पंधरा वर्षं त्या आमच्याकडं कलमं बांधतात. त्यांनी काही न बोलता माझं बोट धरलं, कलमाची पट्टी घेतली आणि खालून वर, एकावर एक वेढे देत, काडीला आवळतात तशी आवळली. ‘‘फुटंल आता पालवी,’’ एवढंच म्हणाल्या. परभणीला टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी ती पट्टी सोडली तेव्हा विचारलं, हे बांधलं कुणी? मी सांगितलं. म्हणाले, चांगलं बांधलंय.

चाकू कलमाचाच होता, घडीचा. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला साल उचकटायची चपटी जीभ. खटका नव्हता. अशा चाकूच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, आम्ही तिला कमान म्हणतो. पात्याचं बूड चौकोनी घासलेलं असतं आणि पातं उघडं असो की मिटलेलं, कमान त्याच्या सपाट बाजूवर दाबून बसते. उघडताना टक् वाजतं, म्हणून आपल्याला वाटतं, अडकलं. अडकलेलं काहीच नसतं. नुसता दाब असतो.

मग इतकी वर्षं बोटं शाबूत कशी राहिली? खाटेवर पडल्या पडल्या मी याच प्रश्नाशी खेळत होतो. उत्तर असं की कापताना लाकूडच खटक्याचं काम करतं. धार लाकडावर दाबली की लाकूड पात्याला उघडण्याच्या दिशेनं रेटतं. जितका जोर जास्त तितकं पातं ताठ. पण पातं रुतलं आणि आपण मूठ खाली दाबली, किंवा पात्याच्या पाठीला कशाचा धक्का बसला, की तोच जोर मिटण्याच्या बाजूला वळतो. तिथं कमानीचा दाब कितीसा पुरणार? लाल मुठीचा तो जगप्रसिद्ध स्विस चाकू घ्या. कार्ल एल्सेनरनं 1897 मध्ये हक्क नोंदवलेल्या चाकूचा तो वंशज. त्याच्या नेहमीच्या आकारातल्या पात्याला आजही नुसती कमान असते, खटका नसतो. मात्र 2008 मध्ये खुद्द स्विस लष्करानं सैनिकांसाठी नवा चाकू घेतला, तो खटक्याचा.

खटक्याशी माझी पहिली ओळख याच्या फार आधीची. परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. डोळे भरायचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो, त्यामुळं अण्णा, म्हणजे माझे वडील, एकच दिवस सोडायचे. बारावीच्या वर्षी मी त्या एका दिवसात भांड्यांच्या, बांगड्यांच्या, पाळण्यांच्या गर्दीतून नेमका चाकूच्या पालापाशी पोचलो. 1965 च्या ‘वक्त’मधला राजकुमारचा चाकू आमच्या आधीच्या पिढीनं पाहिलेला, पण त्याचा रुबाब आमच्यापर्यंत उतरला होता. मी रामपुरी मागितला. पालातल्या चाचांनी दिलेला चाकू रामपूरचा असण्याची शक्यता कमीच होती. रामपुरी हे गावाचं नाव कमी आणि चाकूचं जास्त झालंय. (उत्तर प्रदेशातल्या त्या गावानं 2023 मध्ये एका चौकात वीस फुटी चाकू उभा केला. धंदा बसला की स्मारक होतं.)

त्या चाकूची कमान वेगळी होती. तिला टोकाशी एक खिडकी पाडलेली आणि पात्याच्या बुडाला एक दात. पातं पूर्ण उघडलं की दात खिडकीत जाऊन बसायचा, मग पाठीवर बुक्की मारली तरी पातं हलायचं नाही. मिटायचं तर कमानीला लावलेली कडी ओढून ती उचलायची. मी दहादा उघडून मिटवून पाहिला. चाचा हसले. म्हणाले, ‘‘पाता क्या देखते बेटा, कील देखो.’’ कील म्हणजे पातं ज्याच्यावर फिरतं तो आडवा खिळा. मी कुठला खिळा बघतोय! दोन महिन्यांत तो ढिला झाला. दात खिडकीत पक्का, पण पातं दाराच्या निसटलेल्या बिजागरीसारखं डुगडुगायचं. खटका कितीही जबर असला तरी तो शेवटी त्या एका खिळ्याच्या भरवशावर असतो, हे मला अठराव्या वर्षी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण त्याआधीच अण्णांनी चाकू पाहिला आणि विहिरीत टाकला. हल्ली एप्रिलमध्ये त्या विहिरीचा तळ दिसतो. चाकू काही दिसत नाही.

टाके निघाल्यावर मी ठरवलं, आता खटक्याशिवाय चाकू नाही. मोबाइलवरून एक स्वस्तातला मागवला. त्याला लायनर लॉक म्हणतात. मुठीच्या आत पत्र्याची एक पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती आतून सरकून पात्याच्या बुडामागं उभी राहते, दाराला आतून ओंडका लावावा तशी. अमेरिकेत मायकल वॉकर नावाच्या कारागिरानं 1980 च्या दशकात तिला आजचं रूप दिलं आणि ती जगभर पसरली. एका हातानं उघडतो, एका हातानं मिटतो. दुसऱ्या हातात काडी धरलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

पण मिटवायचा तर पट्टी बाजूला सारायला अंगठा मुठीच्या खाचेत घालावा लागतो, म्हणजे नेमका पात्याच्या वाटेत. पट्टी सुटली, पातं हललं की अंगठा लगेच काढायचा. दिवसातून पाच-दहा वेळा ठीक आहे. दीड-दोनशे वेळा उघड-मीट करणाऱ्याचं लक्ष एकदा तरी मोसंबीच्या डोळ्याकडं जाणारच. शिवाय माझा नमुना स्वस्त होता. जुन्या चाकूनं शिकवल्याप्रमाणं मी बोटं लांब ठेवून पात्याची पाठ लाकडी पाटावर हलकेच आपटली. तिसऱ्या टोल्याला पट्टी घसरली आणि पातं मिटलं. याच जातीचा महागातला प्रकारही असतो, त्यात पातळ पट्टीऐवजी मुठीची अख्खी बाजूच आत सरकते. त्यातला सगळ्यांत नावाजलेला चाकू ‘सेबेन्झा’. झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. नाव आवडलं, किंमत वाचून मोबाइल खाली ठेवला. तेवढ्यात आमच्या हंगामभराच्या रोपांच्या पिशव्या येतात.

पुढचा घेतला तो पाठीच्या खटक्याचा. 1964 मध्ये अमेरिकेतल्या बक कंपनीनं हा प्रकार लोकप्रिय केला. पाठीतली कमान अख्खी तराजूच्या दांडीसारखी मधे तोललेली, पुढच्या टोकाला आकडा, तो पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. मागं अंगठ्यानं दाबलं की आकडा उचलला जातो. खटका सोडणारा अंगठा मुठीच्या पाठीवर, पात्याची वाट मुठीच्या पोटाकडं. बनवणाऱ्यानं बोटाचा विचार केलाय, हे हातात घेताच कळतं. उरुसातल्या चाकूचाच हा शहाणा भाऊ. दोन हात लागतात, पण ते मला दोष वाटत नाही. मिटताना माणूस थांबतो.

त्याच्यात खोट निघाली ती आमच्या मातीची. परभणीची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की खड्यासारखी टणक होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा भरायचा म्हणजे चाकू सतत मातीजवळ. एकदा खाचेत मुगाएवढा खडा अडकला. पातं उघडलं, टक् वाजलं, पण आकडा अर्धाच बसलेला. खटका नसलेल्या चाकूला आपण भिऊन असतो. अर्धा लागलेला खटका जास्त वाईट, कारण त्याच्यावर आपण निर्धास्त जोर देतो. तेव्हापासून उघडल्यावर पाठीवरून नख फिरवायची सवय लागली. कमान आणि पात्याची पाठ एका पातळीत लागली तरच पुढचं काम.

हाच चाकू खिशात असताना एकदा परभणीत नाकाबंदीत सापडलो. सणासुदीला, निवडणुकीला आपल्याकडं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 लागतं, मग चाकू-काठी घेऊन फिरायला मनाई. जमादारांनी तो उघडला, खटका वाजवून पाहिला आणि माझ्याकडं बघितलं.

‘‘हे काय?’’

‘‘साहेब, कलमं बांधतो.’’

‘‘कलमं आम्ही लावतो,’’ ते म्हणाले, आणि शेजारचे दोघं हसले. हसले म्हणून वाचलो. मोटारसायकलच्या पिशवीत पट्ट्यांचं बंडल आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या होत्या, त्या दाखवल्या. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवान्याची अट आहे आणि शेतीच्या, घरकामाच्या अवजारांना त्यातून सूट आहे. माझं पातं तीन इंचांचं. पण 37 लागलेलं असताना रस्त्यावर हा युक्तिवाद करण्यात अर्थ नसतो. चाकू परत मिळाला, आणि आता तो रोपवाटिकेच्या फाटकाबाहेर जात नाही.

शेवटचा आला तो भाच्याकडून. फ्रान्सला शिकायला गेलेला. सुटीत येताना त्यानं सामानात टाकून ओपिनेल आणला. लाकडी मूठ, साधं पातं, आणि मुठीच्या तोंडाशी पोलादी कडं. हा चाकू 1890 मध्ये सव्हॉयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेलनं बनवायला घेतला. कडं 1955 मध्ये मार्सेल ओपिनेलनं बसवलं. त्याला एक फट आहे. फट समोर असेल तर पातं तिच्यातून मिटतं, कडं फिरवलं की फट बाजूला जाते आणि पात्याची वाट बंद. कमान नाही, दात नाही, आकडा नाही. आमच्या आजीच्या डब्याचं झाकण असंच फिरून बसायचं. खटका लागलाय की नाही हे डोळ्यांना दिसतं, कानावर भरवसा ठेवावा लागत नाही. मला तो पाहताक्षणी आवडला.

‘‘मामा, पाटावर आपटून बघा,’’ भाचा म्हणाला. आपटला. हलला नाही.

मग पाऊस लागला. पाचरीच्या हंगामात मूठ पाणी प्यायली आणि फुगली. पातं असं घट्ट बसलं की नखानं निघेना. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, तिकडचे लोक मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, पातं आपोआप डोकं वर काढतं. मी ओट्यावर ठोकला आणि खरंच काढलं. दोन खुंटांमागं एकदा ओट्यापर्यंत जायचं का, हा प्रश्न उरलाच. वरून आंब्याचा चीक कड्यात जाऊन वाळायचा. शेवटी पावसाळा संपल्यावर मूठ उन्हात वाळवली आणि तीन दिवस जवसाच्या तेलात बुडवून ठेवली. आईनं विचारलं, चटणीचं तेल चाकूला कामून? तेल प्यायल्यावर मूठ पुढच्या पावसात बरीच कमी फुगली.

एका दुपारी मी हे सगळे चाकू ओसरीवर मांडले आणि अक्कांना म्हटलं, यातला तुम्हाला कुठला चालंल? त्या डावखुऱ्या आहेत, हे मी तोवर लक्षातच घेतलं नव्हतं. लायनर लॉक त्यांनी हातात धरला आणि त्यांचा अंगठा पट्टीच्या उलट बाजूला गेला. तो चाकू उजव्या अंगठ्यासाठीच घडवलेला. पाठीचा खटका त्यांनी दोनदा दाबला आणि ठेवून दिला. ‘‘खटकं-बिटकं तुम्हाला लागतात, दादा. माझी पत्ती मिटती का?’’ त्या अर्ध्या ब्लेडनं डोळे भरतात, एका बाजूला चिंधी गुंडाळून. माझे तीनशे होईपर्यंत त्यांचे साडेचारशे झालेले असतात.

मला काही ते ब्लेड जमलं नाही. डोळ्यांना मी पुन्हा जुना, बिनखटक्याचाच चाकू वापरतो. साल कापायला जोर लागत नाही, तिथं कमान पुरते. पाचरीला मात्र पाठीच्या खटक्याचा. नख फिरवून.

ओपिनेल अक्कांनी ठेवून घेतला. कड्याला डावं-उजवं कळत नाही. दिवसभर तो त्यांच्या कनवटीला असतो आणि काम ब्लेडनंच चालतं. दुपारी भाकरी सोडली की त्या कडं फिरवतात. जन्मभर बुक्कीनं कांदा फोडलेली बाई आता त्याच्या पातळ गोल चकत्या करते आणि एकेक चकती सगळ्यांच्या भाकरीवर ठेवते. भाच्याचा परवा फोन आला होता, मामा, चाकू कसा चाललाय म्हणून.

म्हटलं, कांदा फार सुरेख चिरतो.