पटावरचं नाव

आमच्या गावात निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो. त्याला कारण आमचे तात्या, म्हणजे माझे आजोबा. शाळेत लेकराचं नाव घालायला बाई आली की तात्या विचारायचे, "जन्म कव्हाचा?" बाई म्हणायची, "पोळ्याच्या आदल्या दिशी झालं बघा गुरुजी. साल काय ध्यानात न्हाई." मग तात्या लेकराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आन् डाव्या कानाला लाव. हात कानाला टेकला की सहा वर्षं पुरी. शाळा जूनला भरायची, म्हणून रजिस्टरला जन्मतारीख 1 जून. असे 1 जूनवाले महाराष्ट्रात गावोगाव आहेत. आमच्या गावातले सगळे तात्यांच्या अक्षरातले.

तात्यांचा जन्म 1942 चा, निजामाच्या राज्यातला. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा ते सहा वर्षांचे. आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर कोयता. आमच्याकडं 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले कोयते कारखान्याची वाट धरतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. परत येतात ते पाडव्याच्या पुढंमागं. तोवर गावात म्हातारीकोतारी आणि कुत्री.

अशा गावात तात्या 1962 ला मास्तर झाले आणि 2000 साली रिटायर झाले. धोतर, टोपी आणि सायकल. मला कळायला लागलं तेव्हा त्यांची नोकरी संपली होती, पण शाळा सुटली नव्हती. दिवाळीनंतर आमच्या ओसरीवर संध्याकाळी पंधरा-वीस लेकरं बसायची. आईबाप उसाला गेलेली, आजीपाशी राहिलेली. तात्या पाढे म्हणून घ्यायचे, शुद्धलेखन घालायचे. मधेच माझी आजी भाकरीची दुरडी आणून ठेवायची. कोण जेवून आलंय, कोण नाही, हे तात्या तोंड बघून ओळखायचे.

माझी आई पहाटेच शेतात जायची, म्हणून माझ्या वेण्या तात्या घालायचे. हो, तात्या. धोतराच्या सोग्याला तेलाचा हात पुसत, दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबिनीची फुलं. एक फूल मोठं, एक लहान व्हायचं. वर्गातल्या पोरी हसायच्या, पण मला त्या वेण्यांचा लई तोरा होता. माझ्या आजोबांसारखे आजोबा कुणालाच नाहीत, असं वाटायचं.

2003 चा दसरा झाला. गावातला एक गडी आपल्या नातीला घेऊन आमच्या दारात आला. नात माझ्याच वर्गातली, तिसरीतली. त्यानं चप्पल लांब काढली, टोपी काढली आणि म्हणाला, "नमस्ते गुरुजी. समदेच चाललाव उसाला. म्हातारीला दिसत न्हाई. हिच्याकडं तेवढं ध्यान ठिवा."

तात्या उठून उभे राहिले. तात्या कुणासाठी असे उठल्याचं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती पोर सकाळीच आमच्याकडं यायची. आणि तात्या माझ्या वेण्या झाल्या की तिच्या घालायला बसायचे. तीच फणी, तसलीच रिबीन. माझ्या पोटात आग पडायची. एक दिवस मी तिला म्हणाले, "तुला कशाला वेण्या? तुला तर उसाचं वाढंच बांधायचंय." ती काही बोलली नाही. रिबीन सोडली, घडी करून ओट्यावर ठेवली आणि गेली.

तात्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. रात्री जेवण झाल्यावर जवळ बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

1972 चा दुष्काळ. विहिरी कोरड्या, जनावरं विकायला काढलेली, खायला अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी. अख्खं गाव दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. चौथीतला एक पोरगा, वर्गात पहिला, आईबरोबर खडी फोडायला बसलेला असायचा. तात्या सायकलवरून जायचे तेव्हा तो हातातला हातोडा खाली ठेवून उभा राहायचा आणि वर्गात म्हणतात तसं खड्या आवाजात म्हणायचा, "नमस्ते गुरुजी!" रोज. तात्या मान हलवायचे आणि पुढं जायचे. शाळेत येऊन हजेरी घ्यायचे आणि त्याच्या नावापुढं गैरहजर लिहायचे.

"म्या त्याला रोज बघत होतो गं," तात्या म्हणाले, "आन् रोज गैरहजर लिहीत होतो."

पुढं तपासणी आली. नियमाप्रमाणं तात्यांनी शेरा लिहिला, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' 1973 ला पाऊस झाला. शाळा उघडल्यावर तो पोरगा एक दिवस पाटी घेऊन दारात येऊन उभा राहिला. तात्या शिकवत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नाव कमी झालंय तुझं. बापाला घेऊन ये."

बाप कारखान्याकडं गेला होता. पोरगा परत आला नाही.

"बापाला काय विचारायचं होतं मला?" तात्या मलाच विचारत होते. "नाव म्या कमी केलतं, मीच घालायचं होतं. एका ओळीचं काम होतं."

तो पोरगा म्हणजे त्या पोरीचा आजा. कळत्या वयापासून हातात कोयता. त्यानं तात्यांना कधी एका शब्दानं बोल लावला नाही. रस्त्यात भेटला की टोपी काढायचा आणि तेच म्हणायचा, "नमस्ते गुरुजी." तात्या म्हणाले, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. काय बोलावं ते कळेना. रिबीन पुढं केली. तिनं घेतली. एवढंच.

ती त्या हंगामात ओसरीवर शिकली, पुढच्याही. नंतर ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, तिथं ती राहिली. बारावी झाली. पुढं शिकायची इच्छा होती, पण बापानं लग्न लावून दिलं. तात्या तिच्या बापाला दोनदा समजवायला गेले, दोनदा रिकाम्या हातानं परत आले. सगळं तात्यांच्या मनासारखं झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पण ती सासरी उसाला जाते तेव्हा स्वतःची पोरगी बरोबर नेत नाही. माहेरी, शाळेत ठेवते.

2018 च्या पावसाळ्यात तात्या गेले. दहाव्याला तो गडी आला. पन्नाशी उलटलेली, मोळ्या वाहून कंबर वाकलेली. सगळे गेल्यावर हळूच मला म्हणाला, "गुरुजींची एक वही हुती म्हनं. वसरीवरच्या लेकरांची."

मी ट्रंकेतून वही काढली. लाल पुठ्ठ्याची, पाठीला कापड लावलेली. तात्या रिटायर झाल्या साली सुरू केलेली. त्यात ओसरीवर बसलेल्या प्रत्येक लेकराचं नाव, कधी आलं, कधी उसावरून परतलं, काय येतं, काय येत नाही. पण पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, एकच नाव होतं. पुढं लिहिलं होतं, इयत्ता चौथी, 1972, हजर.

त्यानं वही मांडीवर घेतली. चौथीपर्यंतचं वाचन शिल्लक होतं. खरबरीत बोट अक्षराखाली ठेवून, एकेक अक्षर जुळवत त्यानं स्वतःचं नाव वाचलं. मग पुढचा शब्द वाचला. मग पुन्हा नाव वाचलं.

"अक्षर त्येंचंच हाय," एवढंच म्हणाला आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

उठताना त्यानं टोपी काढली. तात्यांच्या फोटोकडं बघून नेहमीचं म्हणाला आणि निघाला. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. दसऱ्याला गाव पुन्हा रिकामं झालं.

वही माझ्याकडं आहे. मागं बरीच पानं कोरी आहेत. दिवाळीला गावी गेले की ओसरीवर बसते. दोन-चार लेकरं येतात. आधी नाव लिहून घेते, मग बाकीचं.