चर्चची किल्ली आणि थडग्यातील जागा

प्रशासनात धर्म हा विषय बहुधा 'कायदा व सुव्यवस्था' या शीर्षाखालीच येतो. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, जागेची मोजणी, बंदोबस्ताला किती माणसे, एवढ्यावर फाईल संपते. माणसे नेमके काय मानतात, हे त्या फाईलमध्ये कुठे नोंदलेले नसते आणि एरवी त्यावाचून अडतही नाही. केरळातील सुरियानी ख्रिस्ती समाजाच्या वादात मात्र अडते. तेथे श्रद्धा आणि तिचा इतिहास समजून घेतल्याशिवाय समोरचा कागद वाचताच येत नाही.

माझ्या नोकरीची काही वर्षे केरळात गेली. तेथे जाईपर्यंत ख्रिस्ती धर्माविषयीची माझी समजूत सर्वसाधारण मराठी माणसाची होती. वसईची चर्चे, गोव्याचे पोर्तुगीज, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. म्हणजे हा धर्म गलबतातून आला, राज्यकर्त्यांबरोबर आला, अशी ती समजूत. कोट्टायमच्या परिसरात पहिल्याच आठवड्यात ती गळून पडते. २०११ च्या जनगणनेनुसार केरळात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक आहे आणि त्यांतील मोठा वर्ग आपली परंपरा येशूचा शिष्य संत थॉमस याच्यापर्यंत नेतो. तो इ. स. ५२ मध्ये मुझिरिस बंदरात, म्हणजे कोडुंगल्लूरच्या आसपास उतरला, असे हा समाज मानतो. इतिहासकार याबाबत सावध बोलतात आणि ते योग्यच आहे. परंतु इ. स. ८४९ चा कोल्लमचा ताम्रपट हा काही आख्यायिकेचा भाग नव्हे. वेणाडच्या अधिपतीने तेथील तरिसा चर्चला जमीन आणि करविषयक सवलती दिल्याचा तो अस्सल सरकारी दस्तऐवज आहे. त्यावर अरबी, पहलवी आणि हिब्रू अशा लिप्यांत साक्षीदारांच्या सह्या आहेत. आपल्याकडे शिलाहारांचे ताम्रपट निघत होते, त्या काळात मलबार किनाऱ्यावर मुसलमान, पारशी आणि यहुदी व्यापारी एका चर्चच्या दानपत्रावर साक्ष घालत होते! पुढे समाज फुटला तेव्हा या ताम्रपटाचे पत्रेही विभागले गेले. काही तिरुवल्ल्याला एका शाखेच्या मुख्यालयात आहेत, काही कोट्टायमला दुसऱ्या शाखेकडे.

या लोकांच्या चालीरीती पाहून मराठी माणूस प्रथम गोंधळतो. विवाहात वर वधूच्या गळ्यात 'मिन्नु' बांधतो. हे सोन्याचे लहानसे पान, त्यावर क्रूस. आणि ते ओवायचे ते मंत्रकोडी म्हणजे लग्नाच्या साडीतून काढलेल्या धाग्यांत. चर्चसमोर ध्वजस्तंभ असतो, आत क्रूस लावलेली समई तेवते. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री घरोघरी बेखमीर 'पेसहा अप्पम' करतात आणि कर्ता पुरुष प्रार्थना म्हणून तो मोडून सर्वांना वाटतो. घरात मृत्यू झाला की 'पुला', म्हणजे सुतक पाळतात. वर्षश्राद्धाच्या भोजनाला 'चात्तम' म्हणतात आणि तो शब्द 'श्राद्ध' याचाच अपभ्रंश आहे. एवढे सारे आपल्यासारखे, आणि उपासनेचे सूर मात्र सुरियानी भाषेचे. ही भाषा येशूच्या अरामी बोलीची सख्खी बहीण म्हणावी अशी.

श्रद्धेचा गाभा सर्व शाखांना समान आहे. ईश्वर एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यात तो आहे. येशू हा त्याचा पुत्र, तो मनुष्य झाला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा येणार आहे. त्या दिवशी मेलेलेही उठतील. बाप्तिस्म्याने मनुष्य या मंडळीत येतो आणि भाकर व द्राक्षारसाच्या संस्कारात, ज्याला केरळात 'कुर्बाना' म्हणतात, ख्रिस्ताशी एकरूप होतो. हे शब्दबद्ध करण्यास ३२५ साली निकिया येथे सुरुवात झाली. मतभेद पुढे उद्भवले. ख्रिस्तातील देवत्व आणि मनुष्यत्व यांचा परस्परसंबंध कोणता, या प्रश्नावर ४३१ साली इफिस येथे पूर्वेकडील पर्शियाची मंडळी दुरावली, ४५१ साली कॅल्सेडॉन येथे सिरिया, इजिप्त आणि आर्मेनिया दुरावले. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात फाटले आणि १५१७ पासून प्रॉटेस्टंट चळवळ उभी राहिली. पाठ्यपुस्तकात हे सारे रुक्ष वाटते. केरळात या बहुतेक फाटाफुटींचे वारस आपल्याला एकाच जिल्ह्यात, कधी एकाच रस्त्यावर भेटतात.

मलबारच्या ख्रिस्ती समाजाला बिशप पर्शियाच्या मंडळीकडून येत. त्यात व्यत्यय आणला तो पोर्तुगीजांनी, आणि येथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १५९९ साली उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून या समाजाला रोमच्या शिस्तीत आणले. जुने सुरियानी ग्रंथ तपासले गेले, काही जाळले गेले. हा राग अर्धशतक साचत राहिला. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीच्या क्रुसाला दोर बांधून, तो हाती धरून हजारो लोकांनी जेझुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. गर्दीच्या ओढीने क्रूस वाकला, म्हणून ती 'कूनन कुरिशु' म्हणजे वाकलेल्या क्रुसाची शपथ. त्यानंतर बरेच जण रोमकडे परतले. आजचे सिरो-मलबार कॅथलिक ते हेच. उरलेल्यांना बिशप हवा होता. १६६५ साली जेरुसलेमहून मार ग्रेगोरिओस आले. ते होते अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कचे. म्हणजे पाचव्या शतकातील वादात एका बाजूला असलेला समाज नकळत दुसऱ्या बाजूला गेला. सामान्य भाविकाला बहुधा त्याचा पत्ताही लागला नसेल. त्याला दीक्षा देणारा अधिकृत हात हवा होता. बिशपाला बिशपपण मिळते ते आधीच्या बिशपाच्या हस्तस्पर्शाने, आणि ही साखळी प्रेषितांपर्यंत अखंड असावी लागते. हे ध्यानात आले की अंत्युखियाशी असलेले नाते या लोकांना जिवाइतके का वाटते, हे उमगते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज मिशनरी आले, सुधारणावादी वेगळे झाले, त्यांचे मार थोमा चर्च झाले. त्या तपशिलात शिरत नाही. प्रशासकाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे ती एक ठेव. १८०८ साली मलंकराच्या मार थोमांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे ३००० पगोडा कायमचे आठ टक्के व्याजाने ठेवले. मुद्दल कधी परत मागायचे नव्हते, व्याज मात्र चर्चच्या विश्वस्तांना मिळायचे. विश्वस्त कोण, हे जोवर निर्विवाद होते तोवर ठीक चालले. १९१२ साली अंत्युखियाच्या एका माजी पॅट्रिआर्कच्या हस्ते भारतात स्वतंत्र 'कॅथॉलिकोस' पीठ स्थापन झाले आणि समाज दुभंगला. एक पक्ष कॅथॉलिकोसाचा, दुसरा विद्यमान पॅट्रिआर्कचा. व्याज न्यायला दोन्हीकडचे विश्वस्त हजर. सरकारने शहाणपणाने कोणाचीच बाजू न घेता १९१३ साली त्रिवेंद्रमच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला की, पैसे तयार आहेत, कोणाला द्यावे ते न्यायालयाने सांगावे. तो 'वट्टिप्पणम' खटला. त्यातून सुरू झालेली न्यायालयीन वाट शतकभर संपली नाही.

पुढचा क्रम थोडक्यात असा. १९३४ साली कॅथॉलिकोस पक्षाने घटना केली. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि समेट झाला. सत्तरीच्या दशकात पुन्हा फूट पडली. १९९५ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालय. २००२ साली पॅट्रिआर्कला मानणाऱ्या जॅकोबाइटांनी आपली निराळी घटना केली. अखेर ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मलंकरा चर्चमधील सर्व मंडळ्यांचा कारभार १९३४ च्या घटनेप्रमाणेच चालेल, समांतर व्यवस्था चालणार नाही. पॅट्रिआर्कचे आध्यात्मिक स्थान निकालाने नाकारले नाही. धर्मगुरू नेमण्याचा आणि मालमत्तेचा अधिकार मात्र घटनेला बांधला.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न संपला, महसुली व पोलीस यंत्रणेचा तेथून सुरू झाला. कारण अनेक गावांत बहुसंख्य भाविक जॅकोबाइट होते आणि चर्चचा ताबा द्यायचा होता ऑर्थोडॉक्स पक्षाला. दोन्ही पक्षांची उपासना एक, संत एक, उपवास एक. भाऊभाऊ दोन पक्षांत. अशा चर्चचे दार लोकांनी आतून लावून घेतले, म्हाताऱ्या बायका पायऱ्यांवर बसून प्रार्थना म्हणू लागल्या, की बंदोबस्ताचा आराखडा कागदावरच राहतो. २०१९ साली पिरवमचे मोठे चर्च पोलिसांनी रिकामे करून घेतले. कोदमंगलमच्या चर्चचा ताबा घेण्याचा आदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी थेट जिल्हाधिकाऱ्यांना दिला. जिल्हाधिकाऱ्याने धर्मस्थळाची किल्ली ताब्यात घ्यावी, हे लिहायला एक ओळ पुरते.

परंतु किल्लीपेक्षा कठीण प्रश्न मृतांचा होता. संविधानाच्या २५ व २६ या अनुच्छेदांत श्रद्धा, धार्मिक व्यवहारांची व्यवस्था आणि मालमत्तेचे प्रशासन असे भाग पाडले आहेत. दफनभूमीत ते तिन्ही एकत्र येतात. जागा चर्चची, विधी धर्मगुरूचा, आणि देह त्या घराण्याचा. ऑर्थोडॉक्स पक्षाचे म्हणणे होते की आम्ही दफन नाकारत नाही, विधी मात्र १९३४ च्या घटनेनुसार नेमलेल्या धर्मगुरूनेच करावा. जॅकोबाइट कुटुंबांना तो धर्मगुरू मान्य नव्हता. आलप्पुळा जिल्ह्यात २०१९ साली एका वृद्धेचा मृतदेह महिन्याहून अधिक काळ दफनाविना राहिला.

त्या दिवसांतील एका समझोता बैठकीत एक वयोवृद्ध गृहस्थ शेवटपर्यंत गप्प बसून होते. निघताना ते म्हणाले, "सार, कॅथॉलिकोस मोठे की पॅट्रिआर्क मोठे, ते तुम्ही आणि कोर्ट ठरवा. माझी बायको तिथे आहे. तिच्याशेजारची जागा मी तेव्हाच ठेवून घेतली आहे." त्यांनी खिशातून जुनी पावती काढून दाखवली. पुनरुत्थानाच्या दिवशी कोण कोणाशेजारी उठणार, याची ती पावती होती. महसूल कायद्यात अशा हक्काला सदर नाही.

राज्य शासनाने जानेवारी २०२० मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी विधानसभेने त्याचा कायदा केला. मला तो प्रशासकीय कल्पकतेचा चांगला नमुना वाटतो. कोणता धर्मगुरू खरा, यावर तो कायदा काहीच बोलत नाही. तो एवढेच म्हणतो की, ज्या दफनभूमीत पूर्वज आहेत तेथे त्या मंडळीच्या कुटुंबाला दफनाचा हक्क आहे, आणि विधी नको असेल तर नातेवाइकांनी तो आपल्या पसंतीच्या धर्मगुरूकडून अन्यत्र करून घ्यावा. न्यायालयाच्या निकालाला हे वळण देणे होय, अशी टीका ऑर्थोडॉक्स पक्षाने केली आणि ती अगदीच निराधार नव्हे. विधी आणि दफन वेगळे करता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा धर्मशास्त्राला धरून आहे. माझे मत असे की, शासनाला धर्मशास्त्र ठरवायचे नव्हते, देह मातीला द्यायचा होता.

त्यानंतर अनेक गावांत दफने होऊ लागली ती अशी: प्रार्थना घरी किंवा जवळच्या तात्पुरत्या मंडपात, धर्मगुरू तेथेच थांबतात, शवपेटी घेऊन फक्त नातेवाईक दफनभूमीच्या फाटकातून आत जातात, पोलीस बाहेर उभे. आत कोणी मोठ्याने मंत्र म्हणत नाही. कुटुंबातील कोणीतरी धूप दाखवतो, मूठमूठ माती पडते, आणि पंधरा मिनिटांत फाटक पुन्हा बंद होते.