डबा गेला, पंप आला

लाकडाच्या होडीत पाणी येणारच, हे आमच्या हर्णैच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पावसाळाभर झापांखाली सुकलेली होडी नारळीपौर्णिमेनंतर पाण्यात उतरली की फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत गळायचीच. उतरवण्याआधी त्या फटींत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठासून भरलेला असे. तळाला चुना आणि तेलाचा लेप, वर माशाच्या तेलाचा हात. त्या वासाने नाक मुरडायचं, आणि आता तोच कुठे मिळत नाही म्हणून हळहळायचं!

आत आलेलं पाणी काढायचं काम सगळ्यात लहान खलाशाचं. रॉकेलचा तिरका कापलेला डबा घेऊन तो तळाच्या खळग्यात वाकलेला असायचा. सुकाणूवरचा तांडेल बघायचासुद्धा नाही, नुसतं ऐकायचा. डबा लाकडावर खरवडला की तळ लागला. रोजच्यापेक्षा तो उशिरा खरवडला, की म्हणायचा, "आज पाणी जास्त आहे रे, कापूस सुटला बघ कुठंतरी."

आता बऱ्याच बोटी फायबरच्या. फळ्या नाहीत, म्हणून फटी नाहीत. पण लाटेचं, पावसाचं, जाळ्यातून निथळलेलं पाणी तळाशी जमतंच. त्यासाठी मुठीएवढा बारा व्होल्टचा पंप असतो. खोक्यावर तासाला पाचशे गॅलन, म्हणजे सुमारे १९०० लिटर लिहिलेलं असतं. तो आकडा पाणी वर न चढवता मोजलेला. नळी कठड्यापर्यंत चढवली आणि बॅटरी थोडी उतरलेली असली, की हाती पडतं ते बरंच कमी.

पूर्वी काही बसवायचं झालं, तर सुतार जाडजूड लाकडात कुठेही खिळा मारायचा. फायबरच्या पातळ तळात आतून स्क्रू मारला तर तो आरपार जाईल, नाहीतर थरांमधल्या प्लायवूडमध्ये पाणी मुरून ते आतल्या आत कुजेल. म्हणून पंप चिकटवायचा, आणि माझ्या मते हीच पद्धत बरोबर. तोही थेट नाही. आधी फायबरचा जाड तुकडा तळाला चिकटवायचा आणि पंपाची बैठक आखूड स्क्रूंनी त्या तुकड्यात बसवायची, म्हणजे पंप बिघडला तर बदलता येतो. जागा सँडपेपरने खरवडून अ‍ॅसिटोनने पुसायची. तेलकट तळावर कुठलाच इपॉक्सी गोंद धरत नाही. पॉलिथिनचा तुकडा तर घेऊच नका. त्याला गोंद लागतो, पण चिकटत नाही. एवढं करून गोंद पुरता वाळेपर्यंत थांबायचं, आणि घाई तिथेच होते. कापूस ठासणाऱ्या म्हाताऱ्यांना थांबायचं कसं ते माहीत होतं.

कंबर मोडणारा तो डबा परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. खटकतं ते इतकंच, की पाण्याबरोबर वर उचलला जाणारा फ्लोट पंप आपोआप चालू करतो, पाणी निघून जातं आणि बोट गळतेय हे कुणाला कळतच नाही. कळतं ते बॅटरी बसल्यावर. तेव्हा पंप बसवतानाच सुकाणूजवळ त्याचा एक दिवा लावून घ्या. तो वारंवार पेटू लागला तर गळती शोधा. आणि निघण्याआधी फ्लोट बोटाने उचलून पाहा. पंप घरघरला तरच दोर सोडा.