घोरणं थांबलं तेव्हा

मोठ्या माणसाच्या घोरण्याने घरातल्यांची झोप उडते. लहान मुलाला भूल देताना मी मात्र त्या घोरण्याची वाट बघते. मूल घोरतंय म्हणजे जीभ मागे पडली आहे, वाट अरुंद झाली आहे, पण हवा जाते आहे. जबडा जरा पुढे उचलला की आवाज मोकळा होतो. भीती असते ती आवाज एकदम बंद होण्याची.

जबडा उचलायला शिकवताना आमच्या सरांनी माझी बोटं धरून हाडावर ठेवली होती. "हनुवटीखाली मांसावर दाबलंस तर जीभच वर ढकलशील." मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी. डोकंही मोठं, त्यामुळे उताणं झोपवलं की मान पुढे झुकते. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली उशी नको, खांद्याखाली टॉवेलची घडी हवी. डाव्या हातात मास्क आणि जबडा, उजव्या हातात पिशवी. १९५० साली लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी एका साध्या नळीला शेपटीकडे उघडी असलेली ही पिशवी जोडली. आजही माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावरच. मॉनिटर सांगायच्या आधी तळहाताला कळतं.

बीड जिल्ह्यातलं एक छोटं हॉस्पिटल. दसरा तोंडावर आला होता. तीन वर्षांचा मुलगा, बारा किलोचा, हर्नियाचं ऑपरेशन. याआधी दोनदा तारीख पुढे गेलेली, दोन्ही वेळा आमच्याकडूनच.

"सर्दी-खोकला काही?"

"नाही मॅडम."

मुलाच्या वरच्या ओठावर वाळलेला पांढरा ओघळ होता. मी त्याच्याकडे बघतेय हे आईने पाहिलं. "सकाळपासून रडतोय ना, उपाशी हाय."

छाती तपासली, स्वच्छ होती. सर्जन हात धुवायला गेले होते. मला ते उत्तर खरं मानायचं होतं, आणि मी मानलं.

मास्क लावला. सेव्होफ्लुरेनच्या वासाला तो थोडा झगडला, मग सैल पडला, घोरायला लागला. सिस्टर सलाईनसाठी शीर शोधत होत्या. सुई टोचली आणि घोरणं थांबलं.

पिशवी हलेना. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, गळ्याखालचा खळगा खोल जात होता, आणि आवाज मात्र कसलाच नाही. स्वरयंत्राचे पडदे घट्ट मिटले होते. सर्दीनंतर दोन-तीन आठवडे ते असेच चिडके राहतात. लाळेचा एक थेंब पुरतो, किंवा भूल पुरती चढायच्या आत टोचलेली सुई. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतं, साठा मात्र लहान. ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरायला लागला. आकडा बघावा लागत नाही, सुरावरून कळतं. तरी मी बघितला. ८८. ७९.

"शीर?"

"नाही मिळाली."

"स्कोलिन, एक मिलि, दंडात द्यायला भरून ठेवा."

शंभर टक्के ऑक्सिजन, मास्क घट्ट, आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांमागे, जबड्याचं हाड जिथे वर कवटीकडे जातं त्या खाचेत, बोटं रुतवून आत आणि पुढे दाब. लार्सन यांनी १९९८ साली एका पत्रात ही जागा सांगितली. त्यांनाही ती एका ज्येष्ठाने शिकवलेली होती. बोटांकडून बोटांकडे आलेली विद्या. ६८. सिस्टरनी सुई दंडाजवळ आणली, आणि त्याच क्षणी एक बारीक, कोंबड्याच्या पिलासारखी किंचाळी आली. माझ्या हातातली पिशवी हलली.

सगळं मिळून मिनिटभर असेल. ओठ गुलाबी झाल्यावर माझे पाय थरथरायला लागले. पुढे ऑपरेशन सुरळीत पार पडलं.

बाहेर येऊन मी आईला म्हटलं, "झालं नीट." तेवढंच. संध्याकाळी मात्र राहवेना. मुलगा बिस्कीट चघळत होता. ताई, मध्ये श्वास अडकला होता त्याचा, असं म्हणून काय घडलं ते सगळं सांगितलं.

ती बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "व्हती सर्दी, मॅडम. चार दिस झाले. तुम्ही परत धाडलं असतं ना?"

"हो."

"मग? उचल घेतलीय आम्ही. टोळी पंधरा दिसांत निघणार कारखान्याला. तिकडं सहा महिने उसात ह्याची गाठ अडकली तर म्या कुठं पळू?"

उतरलेला हर्निया अडकला तर आतड्याचं काय होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिने वस्तीतल्या कुणाच्या तरी पोराचं बघितलं होतं.

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मुलाला अजून एक बिस्कीट हवं होतं, आणि पुडा माझ्या बाजूला होता.

हल्ली त्या दिवसांत मूल तपासणीला आलं की मी आधी विचारते, "टोळी कधी निघायचीय?" नाकाचं नंतर. दिवस असतील तर कागदावर पुढची तारीख लिहून सर्जनची सही घेते, आणि ती मोडायची नाही म्हणून त्यांच्याशी भांडते. दिवस नसतील तर स्कोलिन आधीच भरून ठेवते, शीर मिळाल्याशिवाय सर्जनना हात धुवू देत नाही, आणि आईला म्हणते, खरं सांगा, परत पाठवणार नाही.

तरीही काहीजणी "नाही" म्हणतात. मग मी मुलाचा वरचा ओठ बघते.