घसारा

आमच्या ओतूरला आगगाडी येत नाही. येणार, येणार असे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा कागदावरचा मार्ग आपल्या तालुक्यातून जात होता, तर तो म्हणे खोडदच्या दुर्बिणींना आडवा आला! तेव्हा ओतूरकराने आगगाडीत बसायचे ते श्रावणी सोमवारी, कपर्दिकेश्वराच्या यात्रेत. पत्र्याचे इंजिन, चार डबे, आणि पाच मिनिटांत निघालो तिथेच परत. आमच्या बँकेतल्या फायलीसारखे.

यंदा तांदळाच्या पिंडींचे दर्शन घेऊन बाहेर आलो, तर आमचे अण्णा त्या इंजिनापुढे उभे. वय वर्षे एकोणऐंशी. चिमणीवर काठी आपटून ते विचारत होते, "अरे, ही वरून बंद. धूर निघणार कुठून?"

"आजोबा, बॅटरीवर आहे."

अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू बॅटरीचे कर्ज मीच मंजूर केले होते.

अण्णांचे इंजिन एकच, माथेरानचे. १९७५ साली लग्न झाल्यावर ते आईला घेऊन नेरळहून त्या गाडीने वर गेले. वळणावर आईच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला आणि अण्णांनी तो रुमालाच्या टोकाने काढला. ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे, की त्या डब्यात मीही होतो की काय, अशी शंका येते.

आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून १९०७ साली ही गाडी सुरू केली. दोन फुटी रूळ आणि जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची चार इंजिने. वळणे अशी, की साध्या इंजिनाने मान टाकावी. म्हणून या इंजिनांचा कडेच्या चाकांचा कणा दुहेरी केलेला. आत भरीव, त्यावर पोकळ. पोकळ कणा चाकांसकट थोडा सरके आणि इंजिन अंग चोरून वळण घेई. "संसारातही एकाला सरकावं लागतं," असे अण्णा म्हणत. कोणी सरकायचे, हे मात्र आई स्वयंपाकघरातून सांगे.

मी पडलो कॉमर्सचा. आमच्या शास्त्रात इंजिनाला दरसाल घसारा लागतो आणि शेवटी वहीत त्याची किंमत एक रुपया उरते. माथेरानला डिझेल आले, वाफेची इंजिने निवृत्त झाली. पण त्यातले ७४० नंबरचे इंजिन थेट इंग्लंडात पोचले. तिथल्या लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर हौशी मंडळींनी ते जपले. वहीतल्या एका रुपयासाठी एवढी पदरमोड! ही रक्कम कोणत्या खात्यात टाकायची, हे मला बी. कॉम.ला कोणी शिकवले नाही.

"एकदा आम्हां दोघांना नेरळला ने," असे अण्णा मला नोकरी लागल्यापासून सांगत होते. मी म्हणे, "मार्च एंडिंग होऊ द्या." जुलै २००५च्या पावसात रूळ वाहून गेले, तेव्हा खरे सांगतो, मला हायसे वाटले. २००७ साली गाडी पुन्हा सुरू झाली आणि माझी सबब गेली. मग दुसऱ्या सबबी काढल्या. मार्च एंडिंग तर दरसाल येतेच. पाच वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर अण्णांनी विषय काढला नाही.

गेल्या नोव्हेंबरात ते हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या शाखेत आले. यंत्राला त्यांचा अंगठा उमटेना. पुसून झाला, ओला करून झाला, दुसरी बोटे झाली. रांगेतले लोक चुळबुळू लागले. अण्णा शांतपणे अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "झिजलाय रे. घसारा."

अखेर डोळ्यांवरून काम झाले. अण्णा हयात ठरले. त्यांना रिक्षात बसवून मी आत आलो आणि रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन अडले. मग लिहिले, 'मालमत्तेची प्रत्यक्ष पाहणी.' मॅनेजरसाहेबांनी न वाचता सही केली.

निघायच्या दिवशी पहाटे चारला अण्णा टोपी घालून ओट्यावर तयार. हातात घडी घातलेला पांढरा रुमाल.

"हा कशाला?"

"वळणावर कोळसा उडतो."

"अण्णा, आता डिझेल आहे."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले आणि रुमाल खिशात जपून ठेवला.