पंचांनी हिजाब मोजला नाही

१९ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तातल्या आशियाई खेळांत यजमान इंडोनेशियाला पहिले सुवर्णपदक मिळाले. ते मिळवून दिले बोगोर शहरातल्या देफिया रोस्मानियार या तेवीस वर्षांच्या मुलीने. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो सामना बघायला हजर होते. देफियाच्या अंगावर तायक्वांदोचा गणवेश होता आणि डोक्यावर हिजाब.

अशा मुलीचा फोटो फिरू लागला की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, "माशाअल्लाह, बघा, हिजाब घालूनही जिंकली." दुसरी म्हणते, "जिंकली खरी, पण बिचारीच्या डोक्यावर ते ओझं कशाला?" दोन्हीकडच्या लोकांची नजर डोक्यावरच्या कपड्यावर. ती नेमके काय करून जिंकली, हे विचारणारे फार थोडे.

तायक्वांदो म्हटले की आपल्याला लाथांची मारामारी आठवते. ती क्योरुगी. देफियाचा प्रकार वेगळा, त्याला पुमसे म्हणतात. त्यात समोर प्रतिस्पर्धी उभा नसतो. ठरलेल्या क्रमाने पवित्रे, ठोसे, अडवण्या आणि लाथा करून दाखवायच्या. नवशिक्यांची पहिली पुमसे 'तेगुक इल जांग'. तिच्यात अठरा हालचाली असतात आणि जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचे असते. काळ्या पट्ट्यासाठी कोर्यो, कुमगांग, तेबेक अशा पुढच्या पुमसे आहेत.

गुण दहापैकी दिले जातात. अचूकतेला चार आणि सादरीकरणाला सहा. सादरीकरणात वेग व ताकद, लय आणि हालचालीतला जोम या तिन्हींना दोन-दोन. पाय जरा चुकीच्या कोनात पडला की ०.१ वजा, मोठी चूक झाली तर ०.३. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण देणाऱ्या पंचांचे आकडे वगळून सरासरी काढतात.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मला हा हिशेब ओळखीचा वाटतो. मराठीत आपण कित्ता गिरवतो, उर्दूत मश्क करतो. तजवीद शिकलेल्यांना तर अधिक सांगायला नको. 'ह' आणि 'ख' चा मखरज सुटेपर्यंत उस्ताद पुढच्या आयतीवर जाऊ देत नाहीत. शब्द सगळ्यांना पाठ असतात, फरक पडतो तो उच्चारात. पुमसेचेही तसेच आहे. क्रम सगळ्या खेळाडूंना पाठ असतो. जिंकतो तो, ज्याने हजारो वेळा तीच लाथ त्याच उंचीवर थांबवून पाहिलेली असते.

देफियाने ही मश्क दक्षिण कोरियातल्या सराव शिबिरात केली. ती तिथे असतानाच, स्पर्धेच्या काही महिने आधी, तिचे वडील वारले. अंतिम फेरीत तिला ८.६९० गुण मिळाले, तर तिची प्रतिस्पर्धी, इराणची मर्जान सलहशूरी, हिला ८.४७०. फरक ०.२२ चा. दोघींच्याही डोक्यावर हिजाब होता. त्यामुळे या निकालाचे श्रेय किंवा दोष हिजाबला देण्याची सोयच राहिली नाही.

मात्र त्या दोघींच्या हिजाबामागचे कायदे सारखे नव्हते. इराणमध्ये क्रांतीनंतर हिजाबची सक्ती झाली आणि परदेशात खेळणाऱ्या खेळाडूही तिच्यातून सुटत नाहीत. इंडोनेशियात देशभर लागू होणारी अशी कायद्याची सक्ती नाही.

ही सक्ती काय करते, हे तायक्वांदोतच दिसले. किमिया अलीझादे ही क्योरुगीची खेळाडू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवून ती ऑलिंपिक पदक जिंकणारी पहिली इराणी महिला ठरली. जानेवारी २०२० मध्ये तिने देश सोडल्याचे जाहीर केले. सक्तीचा हिजाब हे तिने दिलेल्या कारणांपैकी एक होते. टोकियोत ती निर्वासितांच्या संघातून खेळली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने पुन्हा कांस्य जिंकले, या वेळी बल्गेरियासाठी.

त्याच पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाब घालून खेळायला मनाई केली होती. म्हणजे एका देशाने कपडा काढू दिला नाही म्हणून मुलगी गेली आणि दुसऱ्या देशात कपडा काढल्याशिवाय मुलीला आत येता येत नव्हते. २००७ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांतात हिजाब घातलेल्या लहान मुलींना तायक्वांदोच्या स्पर्धेतून बाहेर राहावे लागले होते. २००९ मध्ये जागतिक महासंघाने हिजाबला परवानगी दिली. फुटबॉलच्या फिफाने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या फिबाने २०१७ मध्ये हाच निर्णय घेतला. तायक्वांदो आधी शहाणे झाले, म्हणून देफिया जकार्तात उभी राहू शकली. हिजाब न घालणाऱ्या मुलींनाही तिथे तेवढीच जागा होती.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या मुली सातवीपर्यंत मैदानात दिसतात. आठवीत आल्या की कमी होतात आणि दहावीला कोपऱ्यात बसून स्कोअर लिहितात. विचारले तर अम्मी म्हणतात, "सर, आता मोठी झाली ती." बंदीचा हुकूम कोणी काढलेला नसतो. पण बाहेर फ्रान्सच्या नियमावर रागावणारे आपण, घरात त्याहून सोपा उपाय करतो. मुलीला घरीच बसवले की हिजाब घालून खेळायचे की न घालता, हा प्रश्नच उरत नाही.

पुमसेला मोठे मैदान लागत नाही, कोणाशी झटापट नसते, वर्गातले बाक बाजूला सारले तरी सराव होतो. जागतिक स्पर्धेत तर साठी ओलांडलेल्यांचाही गट असतो, म्हणजे अम्मींनाही सबब नाही. भारतालाही हा प्रकार परका नाही. अरुणाचल प्रदेशची रूपा बायोर मुंबईत सराव करून २०२४ मध्ये आशियाई पुमसे स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली.

देफियाचा फोटो जरूर पुढे पाठवा. पण पाठवण्याआधी तिच्या पायांकडेही बघा आणि आपल्या मुलीला विचारा, "बेटा, तुला खेळायचंय का?" डोक्यावर काय घालायचे ते तिला ठरवू द्या. बाकीचे गुण द्यायला पंच आहेत.